खुराड्याला फट

भोपळी मेली त्या दिवशी बाहेर उणे दोन होतं. विस्कॉन्सिनच्या हिशेबाने हा जवळजवळ वसंत ऋतूच. त्याआधीचे तीन आठवडे उणे वीस, उणे पंचवीस असे गेले होते आणि त्यातून ती तरली होती. म्हणून तिला थंडीने मारलं असं म्हणायची सोय राहिली नाही. तिला कोणी मारलं हे कळायला मला आणखी काही महिने आणि बरीच जुनी पुस्तकं लागली.

भोपळी म्हणजे बफ ऑर्पिंग्टन जातीची सोनेरी, गुबगुबीत कोंबडी. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट तेव्हा आमच्या घरात रोज रात्री चालायची, त्यातून मुलीने हे नाव उचललेलं. आम्ही मॅडिसनमध्ये राहतो. या शहराने २००४ साली परसात कोंबड्या पाळायला परवानगी दिली. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे कोंबड्या चार, कोंबडा नाही. आम्ही चारच आणल्या. भोपळी, पांढरीशुभ्र लेगहॉर्न, एक काळी, आणि पायांवर पिसांचे पायजमे घातलेली एक भली थोरली ब्रह्मा, जिला सगळे आजी म्हणायचे.

२०१३ च्या शरद ऋतूत मी त्यांच्या खुराड्याला थंडीसाठी तयार केलं. मी स्वतः कुडाळजवळच्या गावातला. पहिला बर्फ पाहिला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यामुळे थंडीची माझी भीती शिकलेली नाही, अंगात बसलेली आहे. भिंतींच्या आतून काचतंतूची गुलाबी गादी लावली, तिच्यावर प्लायवूड. छताला थर्माकोल. छपराखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी ठेवलेल्या फटी मी चिकटपट्टीने बंद केल्या आणि वर प्लास्टिकचा कागद ठोकला. दाराच्या कडेला फेल्टची पट्टी. काम संपल्यावर आत डोकं घालून पाहिलं तर वाऱ्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मला फार बरं वाटलं.

जानेवारीत रोज सकाळी मी तापमापक बघायचो. बाहेर उणे अठरा, आत उणे बारा. सहा अंशांची कमाई! पण खिडकीच्या काचेवर आतून बर्फाचा जाड थर होता, छताच्या खिळ्यांवर दहिवराचे गोळे जमत होते, आणि थोडं ऊन चढलं की ते वितळून खालच्या भुशात टपटप पडायचे. थर्माकोलला चोचींनी मोठमोठे खड्डे पाडले होते, तो कोंबड्या आवडीने खातात हे मला माहीत नव्हतं. दार उघडलं की डोळ्यांत पाणी यायचं. लेगहॉर्नच्या तुऱ्याची टोकं आधी पांढरट आणि मग काळी पडली, तो हिमदंश होता. फेब्रुवारीत भोपळी तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागली, छातीतून घरघर यायला लागली आणि दहाव्या दिवशी ती गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी फुप्फुसांचा संसर्ग सांगितला आणि खुराड्याचे फोटो बघून फक्त एवढंच विचारलं, "यात हवा कुठून येते?"

तोच प्रश्न त्याआधी आईने फोनवर वेगळ्या शब्दांत विचारला होता. "खुराड्याक वास येता काय रे?"

"येता."

"मगे वयर भोक ठेव."

मी तिला समजावलं की आये, इथली थंडी वेगळी. तुला कल्पना नाही.

*

कल्पना मलाच नव्हती, पण या अज्ञानात मी एकटा नव्हतो. कोंबडी आणि थंडी यांच्याबद्दल माणसं दोन हजार वर्षं अंदाज बांधत आली आहेत.

कोंबडी मूळची उष्ण प्रदेशातली. तिचा पूर्वज म्हणजे आपल्याही जंगलात सापडणारा लाल रानकोंबडा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली ठरवली गेली. काळ इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० च्या दरम्यानचा. भातशेतीच्या कडेने माणसाजवळ आलेला हा पक्षी पुढे पश्चिमेला आणि उत्तरेला गेला, आणि जिथे गेला तिथल्या माणसांनी त्याच्याकडे बघून स्वतःच कुडकुडायला सुरुवात केली.

पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात सांगतो, की कोंबड्यांचं घर हिवाळ्यातल्या उगवत्या सूर्याकडे तोंड करून असावं आणि ते भट्टीला किंवा स्वयंपाकघराला लागून असावं, म्हणजे धूर पक्ष्यांपर्यंत पोहोचेल. धूर त्यांना फार हितकारक, असं त्याचं म्हणणं. यात ऊब आहेच, पण धूर पोहोचायचा तर भिंतीत वाट हवी, हेही आहे. युरोपातल्या गरीब शेतकऱ्यांच्या घरांत पुढची अनेक शतकं कोंबड्या चुलीवरच्या तुळयांवर नाहीतर गोठ्यात गुरांच्या पाठीशी बसत. खास त्यांच्यासाठी ऊबदार घर बांधायची कल्पनाही नव्हती. घर होतं, त्यात त्या होत्या.

वेगळं घर बांधायची वेळ एकोणिसाव्या शतकात आली, आणि तिला कारण झालं एक वेड. चीनची बंदरं व्यापाराला खुली झाल्यावर तिकडच्या प्रचंड आकाराच्या, पायावर पिसं असलेल्या कोंबड्या बोटींतून इंग्लंड-अमेरिकेत येऊ लागल्या. नोव्हेंबर १८४९ मध्ये बॉस्टनला कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा ते बघायला दहा हजारांवर माणसं लोटली. एकेका जोडीला वाट्टेल ती किंमत येऊ लागली. या बाजारातला मोठा खेळाडू जॉर्ज बर्नहॅम याने १८५२ च्या अखेरीस नऊ करड्या कोंबड्या थेट व्हिक्टोरिया राणीला नजर केल्या आणि त्या प्रसिद्धीवर आपला धंदा वाढवला. बाजार कोसळल्यावर, १८५५ मध्ये, याच गृहस्थाने त्या सगळ्या तापाचा खट्याळ इतिहास लिहून पुन्हा पैसे मिळवले.

त्या करड्या कोंबड्यांना 'ब्रह्मपुत्रा' असं नाव पडलं आणि ते झिजून 'ब्रह्मा' झालं. त्यांचं मूळ शांघायचं की चितगावचं, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. आमची आजी याच घराण्यातली. पहिल्या हिवाळ्यात लेगहॉर्नचा उंच, पातळ तुरा काळा पडला तेव्हा आजीचा बुटका, डोक्याला चिकटलेला तुरा शाबूत राहिला. क्यूबेकमधल्या ओका इथल्या मठातल्या ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी हेच सूत्र धरून १९०८ च्या सुमारास कॅनडाच्या थंडीसाठी नवी जात घडवायला घेतली. तुरा आणि चोचीखाली लोंबणारी झालर जवळजवळ नाहीशी करून टाकली. शांतक्लेर नावाच्या या जातीला १९२१ मध्ये मान्यता मिळाली. खुराडं बदलण्याऐवजी त्यांनी कोंबडी बदलली. पण एवढा धीर सगळ्यांकडे नसतो.

बाकीच्यांना घाई होती ती हिवाळ्यातल्या अंड्यांची. शीतगृहं येण्याआधी अंडं हे हंगामी फळासारखं होतं. वसंतात ढीग, डिसेंबरात दुर्मीळ आणि महाग. जो शेतकरी नाताळात ताजी अंडी विकू शकेल त्याचं भलं होणार होतं. हिवाळ्यात कोंबड्या अंडी देत नाहीत, हिवाळ्यात थंडी असते, तेव्हा थंडी हटवा, असा सरळ हिशेब झाला. दुहेरी भिंती, त्यांच्यामध्ये भुसा किंवा वाळलेलं गवत, डांबरी कागद, दक्षिणेला मोठाल्या काचा, कुठे कुठे शेगडी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या कोंबडीपालकाने केलेलं आणि मी २०१३ मध्ये केलेलं काम यांत फरक म्हणायचा तर फक्त सामानाचा.

हिशेब चुकला होता. अंडी मुख्यतः थंडीने थांबत नाहीत, अंधाराने थांबतात. दिवस चौदा तासांच्या खाली आला की कोंबडीचं शरीर अंड्यांचं काम आवरतं घेऊ लागतं. खुराड्यात दिवा लावून दिवस लांबवायची पद्धत १९२० च्या दशकात रुळली. तोवर माणसं भिंती जाड करत राहिली.

*

बंद खुराड्यात काय होतं, याचा हिशेब मी भोपळी गेल्यावर मांडला. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास. दोन किलोची कोंबडी साधारण दहा वॅट उष्णता बाहेर टाकते. चार कोंबड्या म्हणजे चाळीस वॅटचा एक जुना बल्ब. एवढ्यावर फळ्यांचं खुराडं जेवढं तापेल तेवढंच ते तापणार, आणि माझे सहा अंश हे बहुतेक तेच. पण कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणीही पिते. तिला घाम येत नाही. अंड्यात जाईल ते सोडून बाकीचं पाणी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. चार कोंबड्या, रोजचं जवळपास लिटरभर पाणी, आणि जायला वाट नाही. ती ओल थंड भिंतीवर, छतावर आणि तुऱ्यावर जमते. कोरडा तुरा जी थंडी सोसतो ती ओला तुरा सोसत नाही. ओल्या भुशातल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि श्वासनलिकेचं अस्तर जाळतो. मग एरवी परतवून लावता आला असता असा जंतू आत शिरतो.

कोंबडीला थंडीची तयारी आधीच मिळालेली असते. पिसं फुलवून ती हवेचा थर धरून ठेवते, म्हणजे तिने स्वतःची काचतंतूची गादी अंगावरच घातलेली असते. पायांत उतरणारं गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देऊन टाकतं. रात्री ती पायांवर बसते आणि डोकं पंखात घालते. तिला दोन गोष्टी मात्र स्वतः जमत नाहीत. फुलवलेल्या पिसांत थेट घुसणारा वारा थोपवणं आणि खुराड्यातली ओल बाहेर टाकणं.

हे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काही लोकांच्या लक्षात आलं होतं. मेन राज्यातल्या ओरोनोच्या कृषी प्रयोगकेंद्रात प्राध्यापक जी. एम. गोवेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दर्शनी भागाला भिंतीऐवजी कापडाचा पडदा लावलेली कोंबडीघरं वापरून पाहिली. मेनमधली थंडी मॅडिसनपेक्षा फारशी कमी नसते. पडद्यातून हवा झिरपते, वारा अडतो, ओल निघून जाते. आणि १९१२ मध्ये डॉ. प्रिन्स टी. वुड्स यांचं 'सर्व हवामानांसाठी उघड्या हवेची कोंबडीघरं' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक निघालं.

वुड्स यांची रचना पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती चूक वाटली. घर खोल आणि पुढे बुटकं. दक्षिणेकडची दर्शनी बाजू सरळ उघडी, तिला फक्त तारेची जाळी. ती बर्फातही उघडीच ठेवायची. मात्र बाकीच्या तिन्ही भिंती हिवाळ्यात अगदी घट्ट, एक भोक नको. कोंबड्यांच्या दांड्या सर्वांत मागे. बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारली तरी तळाशी ठेवलेला कापूस हलत नाही, तसं हे घर. वाऱ्याला शिरायला जागा आहे, पण पलीकडून निघायला नाही, म्हणून तो आत येतच नाही. ओल मात्र सावकाश बाहेर पडते.

हे पुस्तक नेमकं त्याच वेळी का आलं असावं, याचा विचार करताना मला पाचगणी आठवली. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्ये दाखवला, पण त्यावर औषध यायला अजून साठ वर्षं होती. तोवर उपाय एकच, मोकळी हवा. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेकला डॉ. ट्रूडो रुग्णांना ऐन हिवाळ्यात व्हरांड्यात झोपवत होते. १९०८ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात उघड्या खिडक्यांची शाळा निघाली, मुलं घोंगड्यांत गुंडाळून धडे गिरवत. वुड्स यांचं पुस्तक आलं त्याच १९१२ साली पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर हे क्षयरुग्णांचं आरोग्यधाम सुरू केलं. कोंदट हवेत माणसं मरतात हे त्या पिढीने घरोघर बघितलं होतं. बंद खोलीची भीती थंडीच्या भीतीपेक्षा मोठी होती, असा हा इतिहासातला थोडका काळ. त्या काळात कोंबड्यांच्या खुराड्यालाही खिडकी मिळाली, यात नवल नाही.

*

ती खिडकी बंद झाली त्याला माझं शहरही काही अंशी कारणीभूत आहे.

हिवाळाभर कोंडून ठेवलेल्या पिल्लांचे पाय लुळे पडत. कारण कळत नव्हतं. मॅडिसनच्या विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक या तिघांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की कॉड माशाच्या यकृताचं तेल किंवा अतिनील किरण दिले की पिल्लं सुधारतात. साध्या काचेतून हे किरण येत नाहीत, म्हणून काचेच्या खिडक्यांचा त्या बाबतीत उपयोग नव्हता. जॉन्स हॉपकिन्समध्ये मॅककॉलम यांनी १९२२ मध्ये या द्रव्याला ड जीवनसत्त्व हे नाव दिलं. स्टीनबॉक यांनी खाद्यावर किरण सोडून तेच साधता येतं हे सिद्ध केलं, पेटंट घेतलं, आणि त्याची व्यवस्था बघायला १९२५ मध्ये इथे एक प्रतिष्ठान निघालं, ते आजही आहे. माझ्या गोळ्यांची डबी उघडताना मला हे सगळे आठवतात. इथल्या पहिल्याच रक्ततपासणीत माझं ड जीवनसत्त्व तळाला निघालं होतं. कोकणातली कातडी, विस्कॉन्सिनचा सूर्य, आणि ऑक्टोबर ते एप्रिल बंद खिडक्या.

औषध चांगलंच होतं. पण सूर्य बाटलीत मिळाल्यावर कोंबडीला बाहेर सोडायचं एक मोठं कारण संपलं. १९२३ मध्ये डेलावेअरमधल्या ओशन व्ह्यू इथल्या सेलिया स्टील यांनी पन्नास पिल्लं मागवली होती, चुकून पाचशे आली. त्यांनी ती परत न पाठवता खास मांसासाठी वाढवली, चांगल्या भावाने विकली, आणि अमेरिकेतला ब्रॉयलरचा धंदा त्या शेडमधून सुरू झाला असं मानलं जातं. पुढची दिशा ठरली. घर मोठं, बंद, भिंती उष्णतारोधक, आणि ओल उपसायला विजेचे पंखे. भिंती घट्ट केल्या तर श्वासासाठी यंत्र लावावं लागतं, हे त्या धंद्याला पक्कं माहीत होतं. मी त्यांच्याकडून भिंती घेतल्या आणि पंखा विसरलो.

आपल्याकडची बहुतेक कोंबडीशेडं अजून दोन्ही बाजूंनी जाळीचीच असतात आणि थंडीत गोणपाटाचे पडदे खाली सोडतात. माझ्या मामेभावाची अशी शेड आहे. त्याला भोपळीची हकिकत सांगितली तर तो म्हणाला, डिसेंबरात नवा गडी ठेवला की हेच होतं. पिल्लांना थंडी लागेल म्हणून तो रात्री पडदे पार जमिनीपर्यंत सोडतो, आणि पहाटे आत गेलं की डोळे झोंबतात. ओरोनोचा पडदा गोवेलनी कशासाठी लावला होता ते या गड्याला कोणी सांगितलेलं नसतं. मामेभाऊ फक्त म्हणतो, "वरची वीतभर सोड."

*

२०१४ च्या उन्हाळ्यात मी खुराडं पुन्हा उघडं केलं. प्लास्टिक काढलं, चिकटपट्ट्या काढल्या. वुड्स यांच्यासारखं पूर्ण दर्शन उघडायचं धाडस झालं नाही, पण छपराखाली दक्षिणेच्या अंगाला हातभर लांब आणि वीतभर रुंद फट ठेवली. ती कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा उंच, आणि रॅकून शिरू नये म्हणून जाळी लावलेली. उत्तर आणि पश्चिम भिंती घट्टच ठेवल्या. दांडी रुंद बाजू वर करून बसवली, म्हणजे बसल्यावर बोटं पिसांखाली झाकली जातात. पाणी आत ठेवायचं बंद केलं. दिवा लावून ऊब द्यायचा मोह आवरला. भुशात पडलेल्या गरम दिव्यांनी इथे दर हिवाळ्यात खुराडी जळतात. खाली गादी पद्धत, म्हणजे कोरड्या भुशावर नवा भुसा घालत जायचं आणि वसंतात एकदम काढायचं. ओहायोच्या प्रयोगकेंद्रात केनर्ड आणि चेंबरलिन यांनी १९४० च्या दशकात या पद्धतीचा पुरस्कार केला होता. गादी चांगली असेल तर नाक तिच्याजवळ नेलं तरी जंगलातल्या मातीसारखा वास येतो. सकाळी गुडघ्यांवर बसून कोंबडीच्या उंचीवर वास घ्यायचा, ही माझी तपासणी. तापमापक मी काढून टाकला.

भोपळीच्या जागी आलेल्या कोंबडीला मुलीने भोपळी म्हणू दिलं नाही. ती आता मोठी झाली होती आणि मी काय केलं होतं ते तिला कळत होतं. "तू त्यांना डब्यात ठेवलं होतंस," असं ती एकदा सहज म्हणाली. बचाव करायला काही नव्हतं. माझ्या खोलीत मला बरं वाटेल असं घर मी त्यांना दिलं होतं. त्यांच्याकडे काय आहे आणि काय नाही, हे बघितलंच नव्हतं.

जानेवारी २०१९ च्या अखेरीस ध्रुवावरची हवा खाली उतरली आणि मॅडिसनचा पारा उणे तीसच्याही खाली गेला. शाळा बंद झाल्या. त्या रात्री अकरा वाजता मी खुराड्याशी गेलो. हातात फळी आणि चार स्क्रू होते. एका रात्रीपुरती फट बंद करावी, सकाळी उघडावी, असा विचार. पापण्या चिकटत होत्या. फळी फटीवर धरली. आत चौघी एका रांगेत होत्या, पिसं फुलवून दुप्पट आकाराच्या झालेल्या, आणि टोकाला म्हातारी आजी. विजेरीच्या उजेडात त्यांच्या श्वासाची वाफ वर जाताना दिसत होती, फटीकडे. मी फळी खाली ठेवली.

सकाळी फटीच्या बाहेरच्या कडेला दहिवराची जाड झालर होती. आत भिंती कोरड्या होत्या. लेगहॉर्नच्या तुऱ्याचं एक टोक पुन्हा गेलं होतं, तेवढा दंड झाला. बाकी चौघी खाली उतरून दाण्याची वाट बघत होत्या.

आईने बातम्यांत बघून फोन केला. मला वाटलं, आमची चौकशी करेल.

"फट उघडी आसा मां?"

"आसा," मी म्हणालो.